अस्सल बरहुकूम नक्कल

आमच्या शाळेत 'नकल' या शब्दाला मार्च महिन्यात एकच अर्थ असतो. दहावीच्या परीक्षेत मोज्यात, कंपासपेटीत, पाण्याच्या बाटलीवरच्या कागदामागे जे सापडते ती नकल. मराठी शाळेतले आमचे सहकारी तिला कॉपी म्हणतात, सरकार कॉपीमुक्त अभियान राबवते, आणि आम्ही उर्दू शाळेतली मास्तर मंडळी वर्गाच्या दारात उभे राहून मुलांचे खिसे चाचपतो. पण हाच शब्द घेऊन तहसील कचेरीत गेलो की त्याची अब्रू एकदम वाढते. तिथे नक्कल मिळावी म्हणून अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, चार चकरा माराव्या लागतात. आणि हाती येणाऱ्या जुन्या दस्ताच्या कागदाच्या तळाशी शिक्का असतो : 'अस्सल बरहुकूम खरी नक्कल'. या चार शब्दांत 'खरी' एवढाच काय तो देशी, बाकीचे तिन्ही अरबी-फारसीतून आलेले आणि कचेरीत कायमचे वस्तीला राहिलेले. आमच्या वडिलांच्या धुळ्याच्या घराचे कागद काढताना हा शिक्का आम्ही पहिल्यांदा नीट वाचला आणि बराच वेळ बघत राहिलो. नक्कल, आणि तीही खरी!

अरबीत 'नक्ल' म्हणजे मुळात एखादी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. म्हणूनच उर्दूत मालवाहतुकीलाही 'नक्ल-ओ-हमल' म्हणतात, आणि उस्तादाकडून शागिर्दाकडे जसेच्या तसे पोचलेले इल्म हे 'मन्कूल' असते. वाहून नेणे यात लबाडी कुठे आली? तरीही मार्च महिन्यात आम्ही त्या शब्दामागे धावतो. हा शब्द नेमका कोणत्या वळणावर बिघडतो, याचा विचार करायची वेळ आमच्यावर एका गिटारीमुळे आली. वाचकांना हे कारण किरकोळ वाटेल, पण आमचे त्यात जुने देणे आहे. ते पुढे सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली, काही दिवस डाळ मिलमध्ये हमाली केली, मग लग्नाच्या बँडमध्ये बेंजो वाजवू लागला. खानदेशात लग्नसराई म्हणजे बेंजो. हे वाद्य इथल्या मातीतलेच असावे असे ऐकणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात ते जपानचे. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने 1912 मध्ये टाइपरायटरसारख्या चाव्या तारांवर बसवून 'तायशोगोतो' केले, ते समुद्र ओलांडून इकडे आले, बुलबुलतरंग झाले, कव्वालांच्या पुढ्यात बसले, मग पिकअप लावून लाऊडस्पीकरला जोडले गेले आणि वरातीच्या गाडीवर चढले. कुणी त्याला नकली म्हणत नाही. नक्ल या शब्दाचा मूळ अर्थ समजून घ्यायचा तर बेंजो ऐकावा. असो. मुलाला आता बेंजो सोडून गिटार धरायची होती. एका ऑर्केस्ट्रात जागा होती. जमवलेले चौदा हजार रुपये त्याने रुमालात बांधून आणले होते, आणि आम्ही कॉलेजात असताना धुळ्यात गिटार वाजवायचो हे त्याला कुठून तरी कळले होते.

(मुसलमान मास्तराने गिटार वाजवावी का, वाद्य हलाल की हराम, हा प्रश्न आम्ही इथे सोडून देतो. त्यावर वाद घालायला आमच्या मोहल्ल्यात सातही दिवस माणसे हजर असतात.)

त्याला हवी होती स्ट्रॅटोकास्टर. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने 1954 मध्ये ही गिटार बाजारात आणली. गंमत अशी की या गृहस्थाला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्तीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची अक्कल त्यात उतरली आहे : मान धडाला सरसाने चिकटवलेली नाही, चार स्क्रूंनी आवळलेली आहे, बिघडली तर काढा, दुसरी लावा. जी वस्तू बनवायला इतकी सोपी केली, तिची नक्कल होणारच होती. सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी ती इतकी चांगली केली की मूळ अमेरिकन मालापेक्षा जपानी नक्कल बरी, असे वाजवणारेच म्हणू लागले. शेवटी फेंडर कंपनीने 1982 मध्ये जपानमध्येच गिटारी बनवून घ्यायला सुरुवात केली. स्वस्त गिटारींसाठी त्यांनी 'स्क्वायर' हे वेगळे नाव वापरले, जे त्यांनी पूर्वी विकत घेतलेल्या एका तारा बनवणाऱ्या कंपनीचे होते. म्हणजे अस्सल मालकाने आपलीच नक्कल काढली आणि तिच्या कपाळावर निराळे नाव लिहिले. आम्हाला हा व्यवहार तहसील कचेरीच्या शिक्क्याइतकाच साफ वाटतो.

कोर्टकचेऱ्याही झाल्या. 1977 मध्ये गिब्सन गिटारीच्या मालक कंपनीने जपानच्या आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला. वादाचा मुद्दा होता गिटारीच्या डोक्याचा, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाचा आकार. तो तडजोडीने मिटला. आयबानेझवाले पुढे स्वतःच्या घडणीच्या गिटारींसाठी नावाजले, आणि त्या काळातल्या त्यांच्या नकलाच आता हौशी लोक शोधून शोधून विकत घेतात. फेंडरने स्ट्रॅटोकास्टरच्या धडाचा आकार आपल्या मालकीचा व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून मागितला, तेव्हा 2009 मध्ये तिथल्या मंडळाने नकार दिला : इतकी वर्षे इतके जण हा आकार बनवत आले आहेत, आता तो एकट्या तुमची ओळख राहिलेला नाही. डोक्याचा आकार आणि नाव मात्र कंपनीचेच राहिले. धड सगळ्यांचे, डोके ज्याचे त्याचे. अमेरिकन कायद्यातले आम्हाला फार कळत नाही, पण हा निवाडा एखाद्या शहाण्या काजीने दिल्यासारखा वाटतो.

तर त्या मुलाला घेऊन आम्ही गावातल्या एका वाद्यांच्या दुकानात गेलो. चौदा हजारांत अस्सल स्ट्रॅटोकास्टर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या घडणीच्या चार-पाच नकला तिथे लटकल्या होत्या. मुलगा रंग बघत होता. आम्ही त्याला म्हटले, रंग बघू नकोस, मान बघ. सुतार फळी पाहतो तसा एक डोळा मिटून डोक्याकडून धडाकडे नजर टाक. मानेला पीळ असेल तर गिटार फुकट मिळाली तरी नको. किंचित बाक असला तर चालतो, तो आतल्या लोखंडी सळईने काढता येतो. पीळ निघत नाही. मग मान धडात बसते त्या खाचेत पोस्टकार्ड जाईल एवढी फट आहे का ते बघ. खुंटी फिरव, ढिली पळते का बघ. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव. आवाज कुठे मरतो, कुठे झणझणतो ते ऐक. आतले पिकअप हलके असतील, बटणे खरखरत असतील तर घाबरू नकोस, ती पुढेमागे बदलता येतात. माणूस आणि गिटार दोघांचेही कपडे बदलता येतात, मान बदलणे जड जाते. दीड तास घालवून आम्ही जी निवडली ती सगळ्यांत बेरंगी होती, फिकट दुधाळ, आणि तिच्या डोक्यावर कुठल्या तरी अनोळखी कारखान्याचे बारीक अक्षरांत नाव होते. किंमत साडेअकरा हजार.

पैसे मोजताना दुकानदार म्हणाला, "भाईजान, दो सौ और दो, फेंडर का नाम बिठा देता हूँ." त्याने खणातून एक पट्टी काढली. त्यावर ते प्रसिद्ध वळणदार नाव दहा वेळा छापलेले होते. पाण्यात भिजवायचे, जुने नाव खरवडून तिथे चिकटवायचे, वरून लॅकरचा हात मारायचा. मुलाचे डोळे चमकले. आम्ही नको म्हणालो. दुकानदाराने खांदे उडवले आणि पट्टी काउंटरवरच राहू दिली. त्याला अनुभव असणार.

दुकानाबाहेर चहाच्या टपरीवर आमचे बोलणे झाले. आम्ही त्याला वर्गात सांगतो तसे सांगितले की हे खोटे आहे. तो म्हणाला, "सर, दूर से तो वैसाच दिखता. आवाज भी वहीच रहेगा. फिर नाम से किसका नुकसान?" ऑर्केस्ट्राचा मालक गिटारीवरचे नाव बघून रात्रीचे पैसे ठरवतो, हेही त्याने सांगितले. तीनशे रुपयांचा फरक पडतो.

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. नुकसान कुणाचे? त्या अमेरिकन कंपनीसाठी आम्ही जळगावात बसून अश्रू गाळणार नाही. ऐकणाऱ्या वऱ्हाडाला नाव वाचायला सवड नसते. आम्ही त्याला गावातल्याच सराफ्याचे उदाहरण दिले. जळगावचे सोने दूरवर नावाजलेले. त्याच जळगावात 'एक ग्रॅम सोन्या'चे दागिने उघड्या दुकानात, तशीच पाटी लावून विकले जातात. हार तोच, घडण तीच, वर सोन्याचा नुसता हात. गरिबाघरची मुलगी तो घालून बोहल्यावर बसते आणि कुणाचेही ईमान बिघडत नाही. पण त्याच हारावर कुणी 916 चा ठसा मारला, हजारात नऊशे सोळा भाग सोने आहे असे सांगणारा, की ते दागिन्याचे दुकान राहत नाही, पोलीस केस होते. हार बदललेला नसतो. बदलते ते फक्त, तो स्वतःविषयी काय सांगतो ते.

मुलाने ऐकून घेतले. मग चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "सर, बँड में मेरा नाम भी तो राजू है."

आम्ही गप्प झालो. हे आम्हाला माहीत नव्हते, आणि माहीत असायला हवे होते. वरातीच्या गाडीवर, हळदीच्या मांडवात, गावोगावच्या आयोजकांपुढे तो राजू असतो. मालकानेच ठेवलेले नाव. "रोज का झंझट नहीं रहता," तो म्हणाला. मुलाच्या कपाळावर दुसऱ्याने लावलेली पट्टी आम्हाला दिसली नाही, आणि गिटारीवर लावायची म्हटल्याबरोबर आमची दियानत जागी झाली.

यावर तडफडीत उत्तर देणारे असतात. एक गट म्हणेल, तेही खोटेच, नाव लपवणे ही गद्दारी. दुसरा म्हणेल, पोटासाठी सगळे माफ. आम्हाला दोन्ही पटत नाही. आम्ही स्वतः नोकरीच्या सुरुवातीला एका शहरात खोली शोधताना फोनवर फक्त आडनाव सांगायचो. आमचे आडनाव असे आहे की ते ऐकून काही कळत नाही. तीन ठिकाणी पूर्ण नाव सांगून नकार ऐकल्यावर चौथ्या ठिकाणी ही युक्ती केली होती. घरमालकाची आम्ही फसवणूक केली का? विक्रीच्या व्यवहारात आपल्याकडे एक शब्द आहे, 'ऐब'. मालातला ऐब झाकून विकू नये. हजरत पैगंबरांची ती हकीकत सगळ्यांना ठाऊक आहे : बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा ते भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे त्याला सुनावले गेले. आता आमचे नाव हा ऐब आहे काय? जो ऐबच नाही तो झाकला तर झाकणाऱ्याचा दोष किती आणि झाकायला लावणाऱ्याचा किती, हा हिशेब आम्हाला त्या टपरीवर करता आला नाही. एवढे मात्र वाटले की मुलगा राजू झाला तो धाक टाळायला, आणि गिटार फेंडर होणार होती ती तीनशे रुपये वाढवायला. हा फरक आम्ही त्याला सांगितला. त्याला तो पटला की नाही, सांगता येत नाही. आम्हालाही तो त्या वेळी वाटला तितका पक्का आता वाटत नाही, कारण तीनशे रुपयांमागेही त्याच्या घरी एक धाक बसलेला असेल.

पण पट्टी लागली नाही. निघताना तोच म्हणाला, "रहने दो सर, जो है वोच नाम ठीक." आमच्यासाठी म्हणाला असेल.

गिटार आठवडाभर आमच्या घरी होती. कारखान्यातून आलेली नक्कल म्हणजे नुसता ढाचा. तिची बसवणी करावी लागते, आणि बरे-वाईट ठरते ते तिथेच. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, हवेतला सगळा ओलावा उडतो. लाकूड आकसते, पण फ्रेटची धातूची पट्टी आकसत नाही. मग मानेच्या कडेने हात फिरवला की तिची टोके करवतीसारखी बोटात रुततात. ती आम्ही बारीक कानशीने, लाकडाला टेपने झाकून, एकेक करून घासली. बावीस फ्रेट, दोन कडा. मानेचा बाक मोजायला आमच्या गल्लीतल्या मोटारसायकल मेकॅनिककडून फिलर गेज आणले, ज्याने तो टॅपेट सेट करतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि आठव्या फ्रेटपाशी तार व पट्टी यांत पाव मिलिमीटरचे पान जेमतेम सरकले पाहिजे. आमचे एकावर एक तीन पाने जात होती. आतली सळई ॲलन चावीने पाव-पाव फेरा आवळायची, मध्ये तासभर थांबायचे, तिला जबरदस्ती चालत नाही. मग सतराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण 1.6 मिलिमीटर. सगळ्यांत शेवटी घोडीवरचे सहा तुकडे मागेपुढे करून सूर जुळवणे : बाराव्या फ्रेटवर तार नुसती शिवून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर एकच यायला हवा, दाबलेला चढा आला तर तुकडा मागे न्यायचा, उतरला तर पुढे. आमच्या घराचे अर्थिंग धड नाही, त्यामुळे तारेवरून हात काढला की ॲम्प्लिफायर गुणगुणायचा, हात ठेवला की गप्प. अम्मी म्हणाली, तुझ्यासारखाच आहे, धरून ठेवला की शांत.

मिरजेत शिकलगार घराण्यांमधले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी लावताना पाहिलेले कुणी असेल तर त्याला हे ओळखीचे वाटेल. हत्यारे घासणाऱ्या, धार लावणाऱ्या या घरांनी एकोणिसाव्या शतकात भोपळा हाती घेतला, आणि पिढ्यानपिढ्या त्याच मापाचे, त्याच घडणीचे तंबोरे ते करत आले. प्रत्येक तंबोरा आधीच्या तंबोऱ्याची नक्कलच नव्हे काय? तरी 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरज हे नाव लावण्याचा हक्क मिरजेलाच राहिला. ज्या हातांनी केले त्यांचे नाव माल घेऊन फिरतो. आमच्या त्या दुधाळ गिटारीची मान कुठल्या तरी कारखान्यात एका कामगाराने फार नीट केली होती. सळई पूर्ण आवळायची पाळी आली नाही. त्याचे नाव आम्हाला कधी कळणार नाही. कारखान्याचे तरी बारीक अक्षरांतले नाव डोक्यावर आहे. पट्टी लावली असती तर सगळ्यात आधी तेच खरवडले गेले असते. टपरीवर 'किसका नुकसान' याचे हे एक उत्तर आम्हाला सुचले नव्हते.

कोलकात्याच्या गिव्हसन गिटारींचेही इथे आठवते. गिब्सनमध्ये आणि गिव्हसनमध्ये अंतर एका अक्षराचे. आमच्या पिढीतल्या किती तरी पोरांनी पहिला सूर त्याच गिटारीवर लावला, आणि ती बनवणाऱ्यांनी नाव लपवले नाही, ते गावोगाव माहीत झाले. एका अक्षराची ही जागा खोट्याची की गमतीची, यावर आमचे मत दर वर्षी बदलते. याउलट फेंडरच्या खास कारखान्यातून 1995 पासून कोऱ्या गिटारी मुद्दाम घासून, रंग उडवून, गंज चढवून 'जुन्या' करून मिळतात, आणि त्यांचे दाम जास्त असतात. नाव अस्सल, झीज नकली. खरेदीदाराला सगळे माहीत असते, म्हणून ती फसवणूक नाही. तरी वाजवून वाजवून न झिजलेली झीज मिरवणारा पाहिला की आम्हाला कपाळावरचा डाग दगडाने गडद करणारे आमच्या ओळखीचे एक सद्गृहस्थ आठवतात.

आता ते जुने देणे.

2009 मध्ये धुळ्यात कॉलेजात असताना आम्ही साडेचार हजारांत एक जुनी गिटार घेतली होती. तिच्या डोक्यावर फेंडरचे नाव होते आणि ते खोटे आहे हे आम्हाला घेतानाच माहीत होते. विकणाऱ्याने ते हसत सांगितले होते. दोन वर्षे आम्ही ती वाजवली. देवपुरातल्या गणेशमंडळांपुढे वाजवली, मौलवीगंजच्या लग्नांत वाजवली. 2011 मध्ये बी.एड.ला नंबर लागला आणि फीचा पहिला हप्ता भरायला पैसे नव्हते. शिरपूरकडचा एक मुलगा गिटार बघायला आला. वडिलांनी कापूस विकून दिलेले पैसे होते त्याच्याजवळ. त्याने गिटार उलटीसुलटी केली आणि विचारले, "भाऊ, ओरिजिनल आहे ना?"

आम्ही म्हणालो, "नाव वाच ना."

त्याने वाचले आणि नऊ हजार दिले. आम्ही खोटे बोललो नव्हतो. आम्ही फक्त वाचायला सांगितले होते. राशीवाला व्यापारीही तोंडाने खोटे बोलला नव्हता. त्याने सुके वर ठेवले होते इतकेच. त्या पैशांवर आम्ही बी.एड.ला गेलो. तिथे पाठ टाचणांच्या वह्या आदल्या वर्षीच्या मुलांकडून मिळायच्या. आम्ही वर्गातल्या सगळ्यांसारखे ते पाठ उतरवून काढले, मुखपृष्ठावर आपले नाव घातले आणि 'मूल्यशिक्षण' या विषयात चांगले गुण मिळवले. त्याच पदवीच्या जोरावर आज आम्ही मुलांचे मोजे तपासतो. त्या टपरीवर मुलासमोर ही गोष्ट आमच्या ओठापर्यंत आली होती. आम्ही चहा पिऊन टाकला.

जून महिन्यात मुलगा गिटार घेऊन गेला. ऑर्केस्ट्राच्या मालकाने तीनशे कमीच दिले. चार कार्यक्रमांनंतर त्यातले दीडशे वाढवले, वाजवणे ऐकून की मुलाने घातलेल्या घोळामुळे, ते कळले नाही. तिथे तो अजून राजूच आहे.

ईदला आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा जुन्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला भेटला. त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर असतात. शिरपूरच्या त्या मुलाचाही होता. मुलगा कसला, आता दोन लेकरांचा बाप. आम्ही दुसऱ्या दिवशी गच्चीवर जाऊन फोन लावला. त्याने ओळखले, फार आनंदाने बोलला. गिटारीचे विचारले तेव्हा हसून म्हणाला, "ती होय! ती तर 2016 मध्येच विकली मी. फेंडर म्हणून पंधरा हजार आले भाऊ. त्यात शेतात ठिबक केलं थोडं. तुमचेच उपकार."

आम्ही सांगायचे ते सांगितले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मागे कुठे तरी पाण्याची मोटर चालू होती. मग तो म्हणाला, "म्हणजे आता मी त्याला फोन करायचा का?"

त्याचा नंबर आहे का, असे आम्ही विचारले.

"आहे ना," तो म्हणाला.